चौकटीबाहेरचा हात

“वहिनी, खरं सांगा, आई काल जेवली का?”

खुटबाववरून मोनालीचा, म्हणजे माझ्या नणंदेचा, सकाळी सकाळी फोन. मी भाकरी थापत होते आणि फोन खांद्यानं कानाशी दाबून धरला होता. म्हटलं, “जेवल्या म्हंजी? दोनदा ताक मागून घेतलं, आन् वर ठेचा का केला न्हाई म्हणून मलाच बोलल्या. झालंय काय?”

“मग आईचा तसला फोटो कसा फिरतोय?”

“कुठला फोटो?”

“भावकीच्या ग्रुपवर बघा,” म्हणाली आणि फोन ठेवला. ठेवला कसला, आपटलाच.

भाकरी तव्यावर टाकून मी ग्रुप उघडला. आमच्या भावकीचा ग्रुप म्हणजे पहाटेपासून गुलाबाची फुलं आणि सुविचार. त्यात आमचा पुतण्या संघर्ष यानं कुठून तरी आलेला एक फोटो पुढं ढकलला होता. काळ्याभोर भिंतीपुढं एक म्हातारी. कपाळ मोकळं, केस विस्कटलेले, डोळ्यांत पाणी, लुगडं खांद्यावर विरलेलं. उजवा हात पुढं पसरलेला आणि तो हात रिकामा. खाली कुणीतरी अक्षरं डकवली होती : ‘जिनं तुला घास भरवला, तिलाच आज घासाला महाग केलंस.’ त्याखाली संघर्षनं स्वतःचे दोन रडके चेहरे टाकले होते. ती म्हातारी आपली चुलत आजी आहे, लहानपणी आपण तिच्याच मांडीवर मुतलोय, हे काही त्या शहाण्याच्या लक्षात आलं नव्हतं. मोनालीच्या मात्र आलं होतं.

ती माझी सासू होती, दगडाबाई; मी त्यांना आत्याबाई म्हणायचे. आणि तिला घासाला महाग करणारी म्हणजे अर्थातच मी, कारण असल्या बाबतीत मुलगा कुणाला आठवत नाही, सून आठवते. मी फोनमध्ये बघत बसले आणि तव्यावरची भाकरी करपली.

फोटो कधीचा ते मला लगेच कळलं. मागच्या थंडीत आमच्या गुऱ्हाळावर पुण्याहून सात-आठ माणसं कॅमेरे घेऊन आली होती. आमच्या राहू गावात गुऱ्हाळं भरपूर, त्यामुळं बघे आम्हाला नवीन नाहीत. ते गरम गूळ खातात, काकवी नेतात, काहिलीपुढं उभे राहून स्वतःचे फोटो काढतात आणि जातात. ही मंडळी गूळ सोडून भलतंच बघत होती. एकजण चिपाडांच्या ढिगापाशी जमिनीवर आडवा झाला, तर आमच्या ह्यांना वाटलं त्याला भोवळ आली, हे पाण्याचा तांब्या घेऊन धावले. तो म्हणाला, “काका, प्लीज, प्रकाशातून बाजूला व्हा.” त्यांच्यातला सत्यजीत नावाचा एक दाढीवाला, बोलायला गोड, काहिलीखालच्या चुलाणाच्या काजळलेल्या भिंतीपाशी घुटमळत होता. मी सगळ्यांना चहा केला. आपलाही एखादा फोटो काढून घ्यावा असं माझ्या मनात आलं होतं, पण अंगावर गुऱ्हाळाची साडी होती, म्हणून बोलले नाही.

आत्याबाई तिथंच बसल्या होत्या आणि त्यांची मिश्रीची वेळ झाली होती. ह्या मिश्रीचं सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. दात घासायच्या निमित्तानं दिवसभर तंबाखूची मिश्री लावायची त्यांना जन्माची सवय. हिरड्या पांढऱ्या पडल्या, गालात जखम झाली, तेव्हा दौंडच्या डॉक्टरांनी बंद करा म्हणून सांगितलं. बंद होणं काही शक्य नव्हतं. मग आमच्यात तह झाला, की डबी माझ्या कनवटीला राहील आणि न्याहारीनंतर एक चिमूट, दिवेलागणीला एक चिमूट मी त्यांच्या तळहातावर टाकीन. तेव्हापासून आमच्या घरात रोज दोनदा हेच. हात पसरायचा, डोळ्यांत पाणी आणायचं आणि म्हणायचं, “सुले, आजच्या डाव जरा जास्त टाक की गं. मेल्यावर काय संगं न्यायचीय?” त्या दिवशी डोळ्यांत चुलाणाचा धूरही गेला होता. लुगडं विरलेलं, कारण नव्यावर पाकाचे डाग पडतात म्हणून गुऱ्हाळावर जाताना त्या मुद्दाम विरलेलंच नेसत. ट्रंकेत घडी न मोडलेल्या साड्या पडून होत्या, त्यांतल्या दोन तर मीच घेतलेल्या.

म्हणजे त्या पसरलेल्या हातासमोर माझा हात होता, बांगड्यांचा, डबी धरलेला. फोटोत तो नव्हता. मला चौकटीबाहेर कापून टाकलं होतं, आणि मी नसल्यावर ती बाई कुणाकडंही काहीही मागत असू शकत होती.

नंतर कळलं की फोटोला पुण्याच्या कुठल्याशा प्रदर्शनात पहिलं बक्षीस मिळालं होतं. त्याचं नाव ‘प्रतीक्षा’. तिथून तो पेपरच्या पुरवणीत आला आणि पुरवणीतून लोकांच्या फोनमध्ये. मग काय, आगीतून उठून फुफाट्यात. मांडवगणहून माझ्या आईचा फोन आला. मला वाटलं, आई तरी माझी बाजू घेईल. आई म्हणाली, “सुले, सासू कशीबी असू दे, माणसानं दोन घास घालावं.” जिनं मला जन्म दिला तिला मी विचारलं, की तुला पण असं वाटतं का, तर ती म्हणाली, “मला न्हाई वाटत, पन लोकं बोलत्यात.” दुसऱ्या दिवशी तिनं माझ्या भावाला भीमेच्या पलीकडून सफरचंदं घेऊन पाठवलं. भावानं ती आत्याबाईंच्या मांडीवर ठेवली आणि जाताना हळूच त्यांना विचारलं, “आत्या, काय तरास न्हाई न्हवं?”

आत्याबाई म्हणाल्या, “तरास हाय की. मिश्री देत न्हाई ही.”

डेअरीवर दूध घालायला गेले की बायका बोलता बोलता गप्प व्हायच्या. एवढ्यावर भागलं असतं तरी मी सोसलं असतं. पण मग दौंडकडच्या कुठल्याशा मंडळाची पोरं जीप घेऊन आमच्या दारात आली. त्यांच्या नेत्याचा वाढदिवस होता आणि निराधार वृद्धांना ब्लँकेटं वाटायची होती. मी म्हटलं, “अरे बाबांनो, दारात ट्रॅक्टर दिसतोय का? गुऱ्हाळ आमचं हाय.” त्यांचा पुढारी समजुतीच्या सुरात म्हणाला, “ताई, घरचे सगळे असंच म्हणतात.” त्यांनी आत्याबाईंना ओट्यावर मध्ये बसवलं, एका ब्लँकेटाला सहाजणांनी हात लावला आणि सगळ्यांनी मोबाईलकडं बघितलं. त्या फोटोत आत्याबाई दिसतच नाहीत, नुसती पोरं दिसतात. आत्याबाईंनी ब्लँकेट चाचपून बघितलं आणि विचारलं, “ह्यात तांबडा न्हाई का?”

आमचे हे, बबनराव, मुळात शांत. पण ब्लँकेट आलेलं बघून त्यांचंही डोकं फिरलं. म्हणाले, “थांब, मीच फोटो टाकतो.” आत्याबाईंना ट्रंकेतली जरीची साडी नेसवली, खुर्चीत बसवलं, पुढं पुरणपोळीचं ताट ठेवलं, मला शेजारी उभं केलं आणि खटाखट फोटो काढले. आत्याबाई अंगात काठी घातल्यागत ताठ. मी हसतेय ते दात दुखत असल्यासारखं. मागं दोरीवर ह्यांची बनियन वाळत घातलेली. हे फोटो ग्रुपवर गेले आणि पंधरा मिनिटांत पहिलं उत्तर आलं : ‘आता फोटोपुरती साडी नेसवली वाटतं.’

मला रडू यायचं ते राहिलंच, हसू आलं. ती साडी खरी होती, पोळी खरी होती, शेजारी उभी असलेली सून खरी होती, आणि त्या फोटोवर कुणाचा विश्वास बसेना. दुसरा अर्धाच होता आणि त्याच्यावर सगळ्यांचा विश्वास.

शेवटी मी बाजारपेठेत सिद्दीकभाईंच्या स्टुडिओत गेले. आमच्या लग्नाचे फोटो त्यांच्या वडिलांनी काढले होते, आता पासपोर्ट, बारसं, साखरपुडा सगळं सिद्दीकभाई बघतात. त्यांना फोनमधला फोटो दाखवून म्हटलं, “ह्यो खोटा हाय, असं लोकांना दाखवता येतंय का?”

त्यांनी तो कॉम्प्युटरवर घेतला, मोठा केला आणि बघतच बसले. मी आपली वाट बघतेय. बऱ्याच वेळानं म्हणाले, “वहिनी, राग मानू नका, पन फोटो म्हणून विचाराल तर एक नंबर हाय. ही भिंत बघा कशी काळी ठेवलीय. नजर दुसरीकडं जातच न्हाई, हातावरच येती.”

“सिद्दीकभाई, मी काय विचारतेय आन् तुम्ही काय सांगताय?”

“तेच सांगतोय. ह्यो तुमच्या सासूबाईंचा फोटोच न्हाई. ह्यो म्हातारपणाचा फोटो हाय. आमच्याकडं मानूस आलं की आधी नाव विचारावं लागतं, पाकिटावर लिवायला. त्यानं नाव विचारलंवतं का?”

नव्हतं विचारलं. ‘आजी’ म्हणाला होता, तेवढंच. सिद्दीकभाईंनी फोटोच्या कोपऱ्यातलं बारीक नाव वाचून सत्यजीतचा नंबर शोधून दिला. मी त्याला फोन केला आणि अर्धा तास आवाज चढवून बोलले. शेवटी तो म्हणाला, “ताई, मला हे काहीच माहिती नव्हतं. मी येतो.”

रविवारी तो खरंच आला. खाकी कागदात गुंडाळलेली भलीमोठी फ्रेम घेऊन आला आणि आधी आत्याबाईंच्या पाया पडला. “आजी, तुमच्यामुळं मला पहिल्यांदा बक्षीस मिळालं,” म्हणाला. मनापासून म्हणाला, हे मलाही दिसत होतं, आणि त्यामुळं जास्तच चीड आली. माणूस लबाड निघाला असता तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं.

त्यानं फ्रेम भिंतीला टेकवून ठेवली. आत्याबाईंच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं. त्या फोटोच्या अगदी जवळ जाऊन उभ्या राहिल्या.

“कोन गं ही?”

त्यांनी काच पदरानं पुसली आणि पुन्हा बघितलं.

“माझ्या आयेवानी दिसती,” त्या म्हणाल्या. “दुस्काळात अशीच बसायची दारात, हात पसरून. तशीच गेली.” आणि त्यांनी काचेवरून, त्या हातावरून, बोटं फिरवली.

सत्यजीतच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं, ते मी पदरानं पुसलं आणि आणखी वैतागले. आता त्या फोटोचा नुसता राग करायचीही सोय राहिली नव्हती. आत्याबाईंच्या आईचा एकही फोटो कुणी कधी काढलेला नव्हता, आणि पुण्याच्या ह्या पोरानं तिला न बघता तिचा काढला होता. पण त्यासाठी त्यानं मला पुसून टाकलं होतं, त्याचं काय?

“ते सगळं खरं,” मी म्हटलं. “पन माझा हात कुठाय?”

“कुठला हात, ताई?”

“हिच्या हातापुढं माझा हात होता. मिश्री देत होते मी.”

तो ओशाळला. मग म्हणाला, “फ्रेममध्ये काय ठेवायचं याच्यापेक्षा काय काढायचं, हेच अवघड असतं. हातात बांगड्या होत्या, मागं निळं पिंप होतं. लक्ष विभागलं जात होतं.”

“म्हंजी मी नको होते.”

“तुम्ही नाही ताई. हात.”

“हात माझाच होता की.”

त्यानं लॅपटॉप उघडून मूळ फोटो शोधला. मला वाटलं, आता दूध का दूध होणार. अख्खा फोटो पडद्यावर आला, आणि मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. अर्ध्या भागात आत्याबाई होत्याच, तशाच. उरलेल्या अर्ध्या भागात मी. साडी वर खोचलेली, कपाळाला काजळी, भुवया चढलेल्या, तोंड वासलेलं, आणि मिश्रीची डबी त्यांच्या हाताला लागू नये अशी वर धरलेली. मागं निळं पिंप, मोटरसायकलचं चाक आणि पाठ खाजवणारे आमचे हे. हा फोटो जर मी खुलासा म्हणून ग्रुपवर टाकला असता, तर लोकांनी मला सरळ पोलिसांत दिलं असतं.

आत्याबाई मात्र हसायला लागल्या. हसता हसता ठसका लागला, मी पाठ चोळली, तरी हसतच होत्या. “ही बघ, ही अशीच वरडती. बबन्या बघ मागं कसा उभा हाय. ह्यो दे मला. ह्यो घरचा हाय.”

सत्यजीत म्हणाला, “आजी, हा अगदी साधा आलाय. असा कुणीही काढला असता.”

“मग कुनीबी काढलेलाच दे.”

त्यानं दिला. स्वतःच्या नावानं एक खुलासाही लिहून टाकला, की ह्या आजी सधन घरातल्या आहेत, सून त्यांची उत्तम काळजी घेते वगैरे. खुलासा पुढं ढकलायची कुणाला घाई नसते. तो पन्नास माणसांनी वाचला असेल. फोटो अजून फिरतोय.

घरात मात्र सिद्दीकभाईंनी छापून, काचेत बसवून दिलेला अख्खा फोटो लागला, सोप्यात, म्हणजे पुढच्या खोलीत, दाराच्या समोर. बक्षिसाची फ्रेम कपाटामागं गेली. दारी येणाऱ्या प्रत्येकाला आत्याबाई काठीनं दाखवायच्या, “ही आमची सून. डबी कशी वर धरलीया बघा.” येणारा हसायचा, मी चहा करायला आत पळायचे. माझी आई आली तेव्हा तिनं फोटो निरखून बघितला आणि म्हणाली, “सुले, तोंड केवढं उघडलंयस.” पण नंतर तिनं कधी सफरचंदं पाठवली नाहीत. डेअरीवरच्या बायकाही येऊन बघून गेल्या. वासलेल्या तोंडानं माझी अब्रू परत येईल असं मला वाटलं नव्हतं, पण हळूहळू ती आली.

पुढचा हंगाम सुरू व्हायच्या आधीच आत्याबाई गेल्या. सकाळी उठवायला गेले तर उठल्या नाहीत. हाल झाले नाहीत, एवढंच समाधान.

दहाव्याला फोटो पाहिजे होता. ह्यांनी कपाटामागची फ्रेम काढून पुसायला घेतली. म्हणाले, “हाच लावू. सगळ्या महाराष्ट्रानं बघितलाय.”

“मी जित्ती असताना तर न्हाई,” मी म्हटलं, आणि सोप्यातला फोटो काढून पिशवीत घालून सिद्दीकभाईंकडं गेले.

त्यांनी फोटो हातात घेऊन उजेडाकडं धरला. मग म्हणाले, “वहिनी, हार घालायच्या फोटोत जित्या मानसाला ठेवत न्हाईत. तुम्हाला काढायला लागंल.”

“म्हाईत हाय. काढा.”

दुसरा फोटो असा नव्हताच. जरीच्या साडीतला होता, पण त्यात त्या अगदीच परक्या दिसत. सिद्दीकभाईंनी कॉम्प्युटर सुरू केला. आधी हे गेले, मग मोटरसायकल, मग निळं पिंप. मग मी गेले, कपाळापासून मनगटापर्यंत, शेवटी हात आणि डबी. काळ्या भिंतीपुढं आत्याबाई एकट्या उरल्या, हात पसरून, डोळ्यांत पाणी घेऊन.

“ह्यो तर त्योच झाला,” सिद्दीकभाई म्हणाले.

त्योच झाला होता. एवढी भांडले, त्या पोराला पुण्याहून बोलावून घेतलं, आणि आता माझ्याच तोंडानं सांगून मी मला कापायला लावलं होतं. मी स्टुलावर बसले आणि पहिल्यांदा, आत्याबाई गेल्यानंतर पहिल्यांदा, मोकळेपणी रडले. सिद्दीकभाईंनी पाणी दिलं.

“हात तेवढा ठेवा,” मी म्हटलं.

“वहिनी, मला काय, मी ठेवीन. पन तुमच्यातली मानसं बोलतील. जित्या मानसाचा हात, हाराखाली.”

“बोलू द्या. बोलायची त्यांना सवय हाय, मला ऐकायची. हात आन् डबी राहू द्या.”

दहाव्याच्या दिवशी सोप्यात चौरंगावर फोटो ठेवला. आत्याबाई, त्यांचा पसरलेला हात, आणि कडेनं आत आलेला हिरव्या बांगड्यांचा एक हात. आमचे हौसरावमामा, ह्यांचे थोरले मामा, घाटावरून आल्या आल्या फोटोपुढं थबकले. माझ्याकडं बघितलं आणि झेंडूचा हार उचलून असा सरकवला की माझा हात पुरता झाकला गेला. माझ्या जिवाच्या काळजीनंच केलं त्यांनी, त्यांना काय बोलणार. हाराबाहेर आत्याबाईंचा तेवढा हात राहिला. येणारी माणसं त्या हाताकडं बघून डोळे टिपत होती.

जेवणं उरकली, मांडव रिकामा झाला. मी भांडी आवरत होते तर मोनाली फोटोपुढं उभी दिसली. तिनं हार दोन्ही हातांनी उचलला, बाजूला घेतला आणि पुन्हा नीट घातला. माझा हात डबीसकट मोकळा झाला.

“असू दे, वहिनी,” माझ्याकडं न बघता म्हणाली. “न्हाईतर आई नुसतीच मागत बसलीया असं वाटतं.”

मी बरं म्हटलं. बाहेर दिवेलागण झाली होती. देवापुढं दिवा लावला, आणि वळताना हात सवयीनं कनवटीला गेला. डबी तिथंच होती.